सतरावं शिखर

कातळखोलच्या सड्यावर ऋजुता दामले पहिल्यांदा गेली ती २०३७ सालच्या ऑक्टोबरात. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं सपाट पठार, दोन बाजूंना खाडी, तिसरीकडे समुद्र आणि चौथीकडे खोल घळ. पावसाळा सरला की त्या सड्यावर गुडघाभर गवत उभं राहतं, आणि गवतातल्या सुट्या दगडांखाली फुरशी असतात. फुरसं म्हणजे जेमतेम हातभर लांबीचा, मातकट साप. अंगाला वेटोळी घालून खवले एकमेकांवर घासतो, तेव्हा तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येतो. कोकणात सापांनी जेवढी माणसं मारली, त्यातली बरीचशी याने.

ऋजुता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत सर्पविषातली प्रथिनं ओळखण्याचं काम करायची. तिला सड्यावरची फुरशी पकडून द्यायला वनखात्याने दिगंबर घाडीला नेमलं होतं. चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. हातात लांब चिमटा आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट. दोन दिवसांत त्याने अकरा फुरशी पकडली. ऋजुताने प्रत्येकाचं विष काढून घेतलं आणि दिगंबरने प्रत्येक फुरसं जिथून उचललं त्याच दगडाखाली परत नेऊन सोडलं.

दुपारी त्याच्या घरी जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "मॅडम, एक सांगूचां होतां. ह्यां सड्यावरचां फुरसां येगळां आसा."

"वेगळं म्हणजे?"

"खाडीपलीकडचां चावलां तर माणसाच्या हिरड्यांतून रगत येवक दुसरो दिवस उजाडता. आमच्या सड्यावरचां चावलां, तर तिन्हीसांजेक लघवी लाल."

"आणि औषध?" ऋजुताने विचारलं.

"घोड्याचां औषध लागता. पण दुप्पट लागता," दिगंबरची बायको दर्शना वाढता वाढता म्हणाली. तिने ऋजुताच्या पानात बांगड्याचा आणखी एक तुकडा आणि ऋजुताने दुसऱ्यांदा मागितलेलं करवंदांचं लोणचं वाढलं. "माझ्या सासऱ्यांका बारा बाटल्ये लागले. पण वाचले."

ऋजुताने ते वहीत टिपून घेतलं. अशा गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात, हे तिला ठाऊक होतं. आपल्या गावचा साप जास्त विषारी असतो, असं प्रत्येक गावाला वाटतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत त्या वेळी ज्या औषधावर काम चाललं होतं, त्याचं नाव 'त्रिबंध'. तोवर सर्पदंशावर शंभर-सव्वाशे वर्षं एकच उपाय होता. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार झाली की ते रक्त घ्यायचं आणि त्यातली लस माणसाला द्यायची. या लशीत हजारो प्रकारची प्रतिद्रव्यं असत. कुठलं विषाच्या कुठल्या भागाला धरतं, ते कुणालाच माहीत नसे. शिवाय घोड्याची प्रथिनं माणसाला सोसत नसत. अंगावर गांधी उठायच्या, श्वास कोंडायचा, कधी लशीनेच माणूस जायचा. बाटल्या थंड ठेवाव्या लागत आणि गावातल्या आरोग्य केंद्रात नेमकी वीज गेलेली असे.

त्रिबंधात घोडा नव्हता. फुरशाच्या विषातल्या मारक प्रथिनांचे तीन गट होते; त्या प्रत्येक गटाचा सगळ्या फुरशांत सारखाच असणारा भाग संगणकाने शोधला आणि नेमका तेवढाच भाग पकडणारी तीन प्रतिद्रव्यं घडवली. कोरडी पूड, कपाटात दोन वर्षं टिकणारी, एका सुईत काम करणारी. अट एकच होती. विषात काय काय आहे, त्याची यादी पूर्ण हवी. ती यादी करणं हे ऋजुताचं काम. राज्यातल्या तेवीस ठिकाणांहून तिने विष आणलं होतं. यंत्रात विषातली प्रथिनं वेगळी होत आणि कागदावर आलेख उमटे, डोंगररांगेसारखा. एक शिखर म्हणजे एक प्रथिन. बावीस ठिकाणच्या विषात सोळा शिखरं आली.

कातळखोलच्या विषात सतरा आली.

सतरावं शिखर लहान होतं, एकूण विषाच्या जेमतेम साडेतीन टक्के. ऋजुताने त्याच्यामागचं जनुक शोधायला घेतलं. विषाच्या थेंबातही जनुकांच्या नकला तरंगत असतात, त्या वाचता येतात. चार दिवसांत तिला अर्धवट क्रम मिळाला. रक्तवाहिन्यांचं अस्तर कुरतडणाऱ्या प्रथिनाचं ते जनुक होतं, पण त्याची दुसरी प्रत. जनुकांची नक्कल होताना कधी एकाच्या दोन प्रती होतात. पहिली आपलं काम करत राहते, दुसरी बदलायला मोकळी असते. चहूकडून तुटलेल्या त्या सड्यावर बेडूक कमी आणि विंचू फार. विंचू खाऊन जगणाऱ्या फुरशांत ही दुसरी प्रत हजारो वर्षांत बदलत गेली असावी. आणि ती बदलली होती नेमकी मधल्या भागात, त्रिबंधाचं दुसरं प्रतिद्रव्य जिथे पकड घेणार होतं तिथे. शिवाय तिथे साखरेच्या रेणूंची एक साखळी चिकटली असण्याची खूणही क्रमात दिसत होती. कुलपाच्या भोकावर कुणी मेण लावून ठेवावं, तसं.

क्रम अर्धवट होता. खात्री करायची तर आणखी तीस-चाळीस फुरशी हवी होती आणि ती पकडायला वनखात्याची नवी परवानगी, म्हणजे पुढचा ऑक्टोबर.

ती संचालकांकडे गेली. डॉ. जहागीरदार भले माणूस होते आणि थकलेले होते.

"अकरा सापांपैकी किती सापांत दिसलं?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"आणि क्रम अपुरा. ऋजुता, ही अशुद्धी असू शकते का? आधीच्या नमुन्याचा अंश, असं काही?"

"असू शकते," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण मला तसं वाटत नाही."

"यादी तुझी आहे. तू 'अज्ञात रूप, तपास बाकी' असं लिहिलंस तर परवान्याची समिती फाइल परत पाठवणार. एक वर्ष गेलं. वर्षाला किती माणसं जातात, तुला सांगायला नको." त्यांनी चष्मा काढला. "मी तुला काहीच सांगत नाही. तूच ठरव."

ऋजुता आपल्या टेबलाशी आली. यादीत सतराव्या ओळीसमोरचा रकाना रिकामा होता. हजारो माणसं वाचतील, हे तर खरंच होतं. पण पुढे कित्येकदा तिने स्वतःशी कबूल केलं, की त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर ती हजारो माणसं नव्हती. चौदा तारखेची परिषद होती. तिथे त्रिबंध तीच मांडणार होती. सहा वर्षांचं काम, आणि मंचावर तिचं एकटीचं नाव.

तिने लिहिलं, 'बहुधा अशुद्धी. वगळले.'

पुढच्याच पावसाळ्यात त्रिबंध आरोग्य केंद्रांत पोचलं आणि फुरशाच्या दंशाने मरणं जवळजवळ थांबलं. चिरेखाणीतले कामगार, भातकापणीच्या बाया, शाळेत चालत जाणारी मुलं, सगळी एका सुईत दुसऱ्या दिवशी घरी. ऋजुताचे फोटो छापून आले. बाकीच्या विषारी सापांवरही अशी औषधं मागोमाग आली आणि घोड्याच्या लशीला कुणी विचारीना. वर्षभरात तिचं उत्पादन थांबलं, तबेले रिकामे झाले आणि उरलेल्या बाटल्या मुदत संपून गेल्या.

कातळखोलच्या सड्यावर त्या काळात कुणाला फुरसं चावलंच नाही. निदान ऋजुताच्या कानावर आलं नाही. पहिल्या वर्षी तिने दर आठवड्याला दंशांची नोंद उघडून त्या गावाचं नाव शोधलं. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. तिसऱ्या वर्षी ती विसरली.

२०४१च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी साडेसहाला संस्थेच्या मदतक्रमांकावर फोन आला आणि तो ऋजुताकडे जोडून दिला गेला.

"मी डॉक्टर मुकादम, प्राथमिक आरोग्य केंद्रातून बोलतेय." आवाज तरुण होता, घाबरलेला होता, पण शब्द नीट होते. "फुरशाचा दंश आहे. सकाळी नऊला चावलं, दहाला त्रिबंध दिलं. सहा तासांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं. वीस मिनिटांत गोठायला हवं ना? पाण्यासारखं आहे, मॅडम. दुसरा डोस दिला. काही फरक नाही. लघवीतून रक्त जातंय."

ऋजुताने वही पुढे ओढली. "गाव कोणतं?"

"कातळखोल."

ऋजुताने समोरच्या पडद्यावर सदतीस सालची यादी उघडली.

"मॅडम?"

"त्रिबंध आणखी देऊ नका. उपयोग नाही," ऋजुता म्हणाली. "त्यांना लगेच कोल्हापूरला हलवा, रक्त आणि प्लाझ्मा देता येईल तिथे. मी घोड्याची लस शोधते."

"घोड्याची? ती तर आता कुठेच…"

"मी शोधते. रुग्णाचं नाव सांगा."

"दर्शना दिगंबर घाडी."

ऋजुताने सतरा ठिकाणी फोन केले. शेजारच्या राज्यातल्या एका जुन्या भांडारात वीस बाटल्या निघाल्या, मुदत संपायला दोन महिने उरलेल्या. तिथल्या माणसाने स्वतःची गाडी काढली. बाटल्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला कोल्हापुरात पोचल्या. दर्शना सकाळी आठला गेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आंब्याच्या पेट्यांत घालायला गवत कापायला ती सड्यावर गेली होती आणि पेंढी बांधताना तिच्या मनगटाला चावलं होतं.

बाराव्यानंतर ऋजुता कातळखोलला गेली. जाताना वाटभर तिने वाक्य जुळवलं. 'दिगंबरदादा, मला माहीत होतं. मी लिहिलं नाही.' एवढंच सांगायचं होतं.

दिगंबर पडवीत बसला होता. तिला बघून तो उठला, आतून पाणी आणलं.

"ताई, तुमी कित्याक इतक्या लांब?" पूर्वी तो तिला मॅडम म्हणायचा. "डॉक्टरीणबाईंनी सांगल्यान माका. तुमी रात्रभर फोन करत होतात. गाडी पाठवलात."

"दादा, ते औषध…" तिचा आवाज फुटला. ती रडायला लागली.

दिगंबर तिच्यासमोर खाली बसला. "रडा नको. मी तेवा सांगितललंय तुमका, आमच्या सड्यावरचां येगळां म्हणान. पण तुमच्या मशीनीक दिसलां नाय, होय ना? मशीन ती. ती काय करतली?"

वाक्य त्यानेच पुढे केलं होतं. तिला फक्त ते खोडायचं होतं.

ऋजुताने मान हलवली. होय, अशी.

"मग तुमचो काय दोष?" तो म्हणाला आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठला.

त्याच आठवड्यात दिगंबर चिमटा घेऊन सड्यावर गेला. महिनाभरात त्याने चव्वेचाळीस फुरशी पकडली. ज्या गवतात दर्शनाला चावलं, त्या गवतातही तो उतरला. या वेळी जनुकाचा क्रम पूर्ण मिळाला. मेण नेमकं जिथे असेल असं ऋजुताला चार वर्षांपूर्वी वाटलं होतं तिथेच होतं. साखरेच्या साखळीला बगल देऊन प्रथिनाला मागून धरणारं चौथं प्रतिद्रव्य सात महिन्यांत तयार झालं. चव्वेचाळीसपैकी एक्केचाळीस सापांत ते रूप निघालं. कागदोपत्री ते 'नव्याने आढळलेलं रूप' होतं. जुनी यादी कुणी उघडून पाहिली नाही.

चौथ्या घटकाला 'दर्शना' नाव द्यावं, असं डॉ. जहागीरदारांनी सुचवलं. कुपीच्या वेष्टनावर ते छापलं गेलं. पुण्याला छोटा समारंभ झाला, त्याला दिगंबर आला. पांढरा शर्ट, नव्या घड्या. बोलायला उभं केलं तेव्हा त्याने कागद काढला आणि पुस्तकी मराठीत वाचून दाखवलं.

"माझी बायको गेली तेव्हा दामलेताई माझ्या घरी येऊन रडल्या. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ, पण आमच्या पडवीत बसून रडल्या. दर्शनाचं नाव आता दुसऱ्याचा जीव वाचवणार. हे ताईंमुळे झालं. मी त्यांचा ऋणी आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या ऋजुताला आपले दोन्ही हात मांडीवरून उचलता आले नाहीत.

शेवटी दिगंबर तिच्याजवळ आला आणि सड्यावरच्या करवंदांचं लोणचं तिच्या हातात दिलं. घरातली ती शेवटची बरणी होती, दर्शनाने घातलेली. "तुमका आवडलेलां," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघायच्या आधी ऋजुता संस्थेच्या अतिथिगृहात गेली. तो पिशवी भरत होता. तिने लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली.

"हे मला घेता येणार नाही, दादा. तुम्ही बसा. मला सांगायचंय."

तो खाटेवर बसला. ती उभीच राहिली.

"मशीनला दिसलं होतं. सात नोव्हेंबर सदतीसला. अकरा सापांतल्या नऊ सापांत दिसलं होतं. आमचं औषध त्याला धरणार नाही, हेही मला जवळजवळ कळलं होतं. ते लिहिलं असतं तर परवाना एक वर्ष लांबला असता. म्हणून मी 'अशुद्धी' असं लिहिलं. घोड्याची लस बंद झाली तेव्हाही मी बोलले नाही. ती चालू असती तर वहिनी वाचल्या असत्या."

दिगंबरने हातातला शर्ट पुन्हा घडी घालून बाजूला ठेवला.

"त्या वर्षात औषध मिळालां म्हणान किती माणसां वाचली?" त्याने विचारलं.

"साधारण नऊशे. पण त्यासाठी लिहिलं, असं मी म्हणणार नाही. त्या वेळी मला परिषदेत जायचं होतं."

"नऊशे." त्याने तो आकडा हळू आवाजात पुन्हा म्हटला. "तेवा चुकलात. माणूस चुकता. मी पण एकदा नागाक धामण समाजलंय. पण ताई, तुमी माझ्या पडवीत बसलात. रडलात. मी म्हटलंय, मशीनीक दिसलां नसतला. आणि तुमी मान हलवलात."

"हो."

"बारावां झाल्यार दोन दिवस होते. माझी बायल गेलेली, आणि मी तुमची समजूत काढलंय. चाय करून दिलंय. तेवा तरी बोलूचां होतां."

दिगंबर उठला. त्याने बरणी पिशवीत ठेवली, कपड्यांत गुंडाळून. "मॅडम," तो म्हणाला, "त्या औषधावरसून तिचां नाव काढा."

"काढते."

"आता तुमी जावा."

औषधाचं नाव बदलायला अर्ज करावा लागतो. त्यात 'बदलाचे कारण' असा रकाना असतो, दोन ओळींचा. कार्यालयातल्या लिपिकाने सांगितलं, "मॅडम, 'कुटुंबाची विनंती' असं लिहा, चालतं." ते खोटंही नव्हतं. ऋजुताने दोन ओळी भरल्या, मग मागची बाजू भरली आणि मग आणखी चार कागद जोडले. तारीख, आलेख, वगळलेली ओळ, संचालकांशी झालेलं बोलणं आणि घाडींच्या पडवीत हललेली स्वतःची मान. शेवटची गोष्ट अर्जात कशाला, असं लिपिकाने विचारलं. "कारण तेच आहे," ती म्हणाली.

डॉ. जहागीरदारांनी अर्ज वाचला आणि तिला बोलावून घेतलं. "यात मीही आलो," ते म्हणाले. ते रागावले नव्हते. "एवढं करायची गरज होती का?"

"नऊशे माणसांमागे लपून मी चार वर्षं काढली, सर. आता मला तिथे जागा सापडत नाही."

वेष्टनावरून दर्शनाचं नाव निघालं. चौकशी झाली. ऋजुताला प्रकल्पावरून काढलं आणि पाच वर्षं कुठल्याही औषधाच्या यादीवर सही करायला बंदी घातली. वर्तमानपत्रांत पुन्हा तिचे फोटो आले. जुन्या याद्या तपासायचं ठरलं, तेव्हा वेगवेगळ्या हातांनी 'अशुद्धी' म्हणून वगळलेली एकतीस शिखरं निघाली. त्यांतली सहा खरी होती. संस्थेच्या ग्रंथालयाशेजारच्या खोलीत बसून त्या जुन्या नोंदी पुन्हा लावण्याचं काम तिला दिलं गेलं. बरेचसे सहकारी तिच्याशी पूर्वीसारखेच बोलत. तिला ते सोसत नसे.

पुढच्या ऑक्टोबरात, भर दुपारी, डॉक्टर मुकादमचा फोन आला.

"मॅडम, आता तुम्ही त्या कामावर नाही, माहितीये मला. पण सांगावंसं वाटलं. कातळखोलला काल एकाला चावलं. चिरेखाणीतला माणूस. चौथा घटक दिला. संध्याकाळी नळीतलं रक्त अकराव्या मिनिटाला गोठलं. आज जेवला."

ऋजुताने डोळे मिटले. "छान झालं."

"त्याला गाडीवरून घाडीकाकांनीच आणलं."

ऋजुताला विचारायचं नव्हतं. तरी तिने विचारलं, "ते काही म्हणाले?"

"माझ्याशी फार नाही. सुई दिल्यावर त्यांनी रिकामी कुपी मागून घेतली. खिडकीपाशी नेली आणि गोल फिरवून त्यावरचं सगळं वाचलं, बारीक अक्षरसुद्धा. मग मला परत दिली. संध्याकाळपर्यंत थांबले, मग त्या माणसाला विचारलं, नेमकं कुठे चावलं, कुठल्या दगडापाशी. आणि चिमटा घेऊन निघाले. मी म्हटलं, काका, आता दिवेलागण होईल, कुठे चाललात? तर म्हणाले, 'तां फुरसां धरूक व्हयां. पुण्याक लागतलां.'"